खळग्यातली ऊब

१

कोंबडी खुडूक बसली की तिची दया करायची नाही. तीस वर्षं कोंबड्या पाळून मला एवढं कळलेलं आहे.

खुडूक म्हणजे अंडी घालायचं सोडून एकाच जागी बसून राहिलेली. खाली अंडं असो नसो, तिला फरक पडत नाही. अंग फुगवते, डोळे बारीक करते, हात पुढे केला की गुरगुरते आणि टोचते. दिवसातून एकदा उठून चार दाणे टिपते, पाणी पिते, की परत पळत जागेवर. पोटावरची पिसं स्वतःच्या चोचीने उपटते, कारण ऊब उघड्या कातडीतून नीट लागते. आमच्या परसात आता कोंबडा नाही. म्हणजे हिच्या खालून एकवीस दिवसांनी काय, एकवीस वर्षांनीही काही निघायचं नाही. तरी बसते आणि बसून बसून वाळते. छातीचं हाड हाताला टोचायला लागलं की समजायचं, उशीर झाला.

त्या महिन्यात मास्तरीण खुडूक बसली. मास्तरीण म्हणजे माझी करडी कोंबडी. बाकीच्या आठजणींना रांगेत चालवायची म्हणून हे नाव. मी चौथीत शाळा सोडली. मास्तरणीला पाण्यात बुचकळायची हौस अशी फिटायची होती.

माझी रीत ठरलेली आहे. सकाळी उठवायची, थंड पाण्याच्या बादलीत पोटापर्यंत दोन मिनिटं धरायची. मग तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात घालून पिंजरा झाडाला टांगायचा. खालून वारं लागलं की पोट थंड पडतं, आणि पोट थंड पडलं की डोकं ताळ्यावर येतं. तीन दिवस. जास्तच हट्टी असली तर पाच.

मी बुचकळत होते तेव्हा शेजारची शिंपीण कुंपणावर कोपर टेकून बघत होती.

"अगं, बसू दे की बिचारीला. तुझं काय जातंय?"

"माझं काही जात नाही, तिचा जीव जातो. तू तुझी बटणं लाव."

"आमच्या ह्यांना बुचकळायला हवं होतं असं. बारा वर्षं खुर्चीत बसून होते."

"मग आणायचं होतंस. बादली मोठी घेतली असती."

तिसऱ्या दिवशी मास्तरीण पिंजऱ्यातून उतरली, अंग झाडलं, दोघींना टोचून रांगेत लावलं आणि किडे शोधायला लागली. काम झालं.

मी खुराड्यातला तिचा खण साफ करायला गेले. पेंढ्यात ती बसायची तिथे खळगा पडला होता. मी त्यात हात घातला आणि काढून घेतला.

खळगा गरम होता.

२

आधी मला वाटलं, दुसरी कुणीतरी आत्ताच उठून गेली असेल. मी मोजल्या. नऊच्या नऊ अंगणात होत्या.

दुपारी परत हात घातला. गरम. संध्याकाळी परत. मग मी त्या खणाच्या तोंडाला फळी लावली आणि वर वीट ठेवली. दुसऱ्या दिवशी फळी काढली तेव्हा आतून वाफेसारखी ऊब तोंडावर आली. तापलेल्या अंगाचा वास होता तो, कोंबडीच्या पंखाखाली नाक खुपसलं तर येतो तसला.

मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. ओला पेंढा सडायला लागला की आतून तापतो, हे मला माहीत आहे. म्हणून मी मूठभर पेंढा काढून चोळून बघितला. खडखडीत कोरडा होता. बाहेर आठवडाभर ऊन पडलं नव्हतं, राखाडी आभाळ छपरावर टेकलेलं, घरातली भांडीसुद्धा हाताला गार लागत होती. आणि हा पेंढा पोटाशी धरावा एवढा उबदार.

दुसरी एखादी घाबरली असती. मला पहिला विचार आला तो धाकटीचा.

धाकटी म्हणजे माझी बहीण. वय अडतीस. आई गेली तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि मी अकराची. तिला कडेवर घेऊनच मी मोठी झाले, माझं लग्न झालं तेव्हाही ती माझ्याबरोबर आली. मला मूल नाही, आणि त्याचं वाईट वाटायला मला वेळही झाला नाही. माझा नवरा गेल्यावर तिचं लग्न मी लावून दिलं.

या सगळ्याच्या दोन आठवडे आधी तिची गर्भपिशवी काढली होती. ऑपरेशन नीट झालं होतं. तिचा नवरा ट्रक चालवतो, महिना महिना बाहेर असतो. त्याने तिला माझ्याकडे आणून सोडलं आणि म्हणाला, "ताई, हिला उभी करा. बोलत नाही, जेवत नाही. मी महिन्याभराने येऊन नेतो."

"नेतो काय, सामान आहे का?" मी म्हटलं. पण मनात म्हटलं, उभी करीन. हिला चालायला मीच शिकवलं होतं.

तर धाकटी मागच्या खोलीत पडून असायची आणि सारखं एकच म्हणायची, "ताई, आतून गार वाटतं गं." दोन घोंगड्या घातल्या, विटा तापवून पायाशी ठेवल्या. तिची गादी कापसाची, जुनी, दगड झालेली.

ऊब वाया कशाला घालवायची? मी तो पेंढा खणातून अख्खा काढला, झटकला, धुतलेल्या खोळीत भरला, शिवला आणि तिच्या खाली घातला.

हे मी केलं. कुणी मला सांगितलं नव्हतं.

३

त्या दिवशी ती पहिल्यांदा नीट झोपली. चार तास. उठली तेव्हा गालांवर रंग होता.

"कित्येक दिवसांनी पाठ शेकली, ताई."

"मग जेव आता."

ती जेवलीही थोडं. मी स्वतःवर खूश झाले. शिंपिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "दुकान काढ. कोंबड्यांच्या गाद्या."

दुसऱ्या दुपारी मी बेकरीत अंडी देऊन आले. मागच्या खोलीत डोकावले. ती खोली अरुंद आहे, एक खिडकी, तीही कुंपणाच्या भिंतीकडे उघडणारी, म्हणून दिवसाही आत उजेड जेमतेम. एक लोखंडी खाट, एक स्टूल, भिंतीत तीन फळ्या. धाकटी कुशीवर, गुडघे छातीशी घेऊन पडली होती.

"आलीस होय?" ती डोळे न उघडता म्हणाली. "उठून कशाला गेलीस मगाशी?"

"कुठून उठले?"

"इथून. माझ्यावर हात टाकून पडली होतीस ना? लहानपणी घ्यायचीस तसं पोटाशी घेऊन."

"मी बेकरीत होते गं. चपला अजून पायात आहेत माझ्या."

ती हसली. "बरं."

झोपेत माणसाला काहीही वाटतं. मी चपला काढल्या आणि चुलीकडे गेले. पण जाताना तिच्या अंगावरचं घोंगडं सारखं करायला हात लावला, तर वरून ते गरम होतं. तिच्या अंगाची ऊब आतल्या बाजूला असायला हवी. इथे उलटं होतं. आत हात घातला तर ती कोमट होती. वरची लोकर तव्यासारखी.

४

पाचव्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर उशीच्या जागी तिचे पाय होते आणि पायांच्या जागी डोकं.

"ही काय नवीन तऱ्हा?"

"काय?"

"उलटी का झोपलीस?"

तिने मान उचलून बघितलं. गोंधळली. "मी नाही हलले."

"मग खाट हलली असेल."

मी तिला सरळ केलं. पोटाला टाके होते, तिला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर व्हायलाही माझा हात लागायचा. दुपारी गेले तर परत उलटी. संध्याकाळी भिंतीकडे तोंड. सकाळी परत दाराकडे. दिवसातून तीनदा, चारदा. आणि घोंगडं मात्र दर वेळी नीट, चारी बाजूंनी आत खोचलेलं, मी कधी खोचत नाही इतकं काळजीने.

मी स्वयंपाकघरात बसून कान देऊ लागले. मधली भिंत पातळ आहे. शिंपिणीचं मशीन चालू असलं की काही ऐकू यायचं नाही. ते थांबलं की खोलीतून एक बारीक आवाज यायचा. घशातल्या घशात, सलग, समाधानाचा. मांजर गुरगुरतं त्याहून जाड. मी उठले की बंद. मी दारात उभी राहिले की खोलीत फक्त धाकटीचा श्वास. तोही कमी कमी होत चाललेला.

ती आता जेवत नव्हती. पाणी पाजलं तर ओठांच्या कडेने बाहेर यायचं. गुडघे छातीशी, हनुवटी गुडघ्यांत, हात दुमडलेले.

"दवाखान्यात नेऊ का?"

"नको. बरं वाटतंय."

"बरं वाटणाऱ्या माणसाची हाडं दिसत नाहीत असली."

"ताई, ओरडू नकोस ना. इथे ओरडलेलं चालत नाही."

"कुणाला चालत नाही?"

तिने हनुवटी गुडघ्यांत आणखी खुपसली.

दवाखान्यातली नर्स टाके बघायला आली होती. तिने ताप बघितला, नाडी बघितली, म्हणाली, सगळं ठीक आहे, अशक्तपणा आहे, मनाला लावून घेतलंय, बोलत राहा तिच्याशी. जाताना तिने अंगातला कोट काढून हातावर घेतला. "ही खोली किती उबदार ठेवलीत हो तुम्ही." बाहेर माझ्या तोंडातून वाफ येत होती.

५

शिंपीण दाराबाहेरूनच बघून म्हणाली ते मला पटलं. तिने ते चेष्टेतच म्हटलं होतं.

"तुझ्या कोंबडीचं हिला लागलं बघ. खुडूक बसलीय बहीण तुझी."

मी रात्रंदिवस हेच बघत आले आहे. जागा सोडत नाही. खात नाही. वाळत चाललीय. जिच्या खालून काही निघायचं नाही अशी बाई बसून राहिलीय, पोटात उरलं नाही त्याच्यावर. मला रागच आला. माझ्या हाताखाली एकही कोंबडी खुडूक बसून मेलेली नाही, आणि ही माझी धाकटी मरणार?

बारावा दिवस होता. मी खोलीत गेले, घोंगडी ओढून काढली.

"ऊठ."

"ताई, नको."

"ऊठ म्हणते ना! नवरा यायचा आहे तुझा, त्याच्या हातात काय देऊ, काटक्या?"

मी तिला उचललं. आठ वर्षांच्या पोरीएवढं वजन होतं. स्टुलावर बसवून पेंढ्याची गादी खाटेवरून खेचली आणि स्वयंपाकघरात फेकली. खाटेला नुसती पट्ट्यांची जाळी राहिली. त्यावर तिला झोपवली, खिडकी उघडली, गार पाण्यात फडकं पिळून टाक्यांच्या वर, पोटावर ठेवलं. मी निर्दयी नाही. कोंबडीला जे लागू पडतं ते मी हजारदा बघितलेलं आहे.

पहिली पाच मिनिटं ती नुसती थरथरली. मग थरथरणं थांबलं. मला वाटलं, ताळ्यावर येतेय. ओठ बघितले तर जांभळे. नखं निळी. मी तिच्या तोंडासमोर हात धरला, श्वास लागेना. गालांवर मारलं, हाका मारल्या. ती थंड पडत होती, चुलीवरून उतरवून फरशीवर ठेवलेल्या भांड्यासारखी.

आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात कुणीतरी चालायला लागलं.

भराभर, इकडून तिकडे, तिकडून इकडे. भांडं पडलं. परत चाल. पावलांना वजन होतं, फळीवरचे पेले वाजत होते. कोंबडीखालची अंडी काढून घेतली की ती खणासमोर अशीच येरझाऱ्या घालते. मी हे ओळखलं आणि ओळखायचं नाही असं ठरवलं. बाहेर माझ्या नऊजणी एकदम गप्प झाल्या होत्या.

मी दारातून बघितलं नाही. डोळे मिटून स्वयंपाकघरात गेले, चाचपत गादी धरली, ओढत आणली, धाकटीला तिच्यावर घातलं आणि घोंगडं टाकलं. माझ्या पाठीमागून काहीतरी दारातून आत आलं. मला बाजूला सारलं. धक्का नव्हता तो, गर्दीत एखादी जाड बाई पोटाने सारते तसं. मी भिंतीला टेकले.

घोंगडं हळूच खाली दबलं.

पाव तासात धाकटीच्या गालांवर रंग आला.

६

दोन दिवस मी खोलीत गेले नाही. लाज वाटते सांगायला, पण नाही गेले. दारातून हाक मारायची, ती "हं" म्हणायची, मी परत यायचे. डोकं मात्र चालू होतं. नर्सला काय सांगू? शिंपिणीला काय सांगू? उद्या मलाच वेडी म्हणून कुलपात ठेवतील.

चौदाव्या दिवशी सकाळी हाकेला "हं" आलं नाही. मग गेलेच.

खिडकी बंद होती. मी लावलेली नव्हती. काळोखात काही दिसेना म्हणून टॉर्च आणला, अंड्यांचा. अंडं काळोखात धरून मागून उजेड टाकला की आतलं दिसतं. रिकामं असेल तर नुसतं पिवळं, भरलेलं असेल तर लाल शिरांचं जाळं आणि मध्ये काळा ठिपका. बेकरीवाल्याला शिळं अंडं चालत नाही म्हणून मी प्रत्येक अंडं बघूनच देते.

नाडी बघायला मी तिचा हात हातात घेतला आणि उजेड टाकला.

उजेड आरपार गेला.

बोटांतून गेला, हे होतं, लहानपणी सगळ्यांनी बघितलेलं असतं. तळव्यातूनही गेला. मनगटातून गेला. मी टॉर्च वर वर नेला आणि कोपरापर्यंत तिचा हात कंदिलाच्या काचेसारखा लालसर दिसला. हाडं दिसली नाहीत. शिरा दिसल्या, बारीक, नव्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या, एकीतून दुसरी फुटलेल्या. आणि दंडाजवळ काहीतरी काळं, उजेड लागताच आत सरकलं.

मी टॉर्च विझवला.

तिथेच खाटेच्या कडेला बसून मी तिला पाठीवर थोपटलं. दुसरं काही सुचेना. थोपटताना हात घोंगड्याच्या आत गेला, तिच्या अंगावरून सरकला, आणि वरून त्याच्यावर वजन आलं.

मी कोंबड्यांच्या पोटाखाली किती वेळा हात घातला असेल? तो मऊ दाब मला अंधारात ओळखू येतो. पिसं बाजूला होतात, उघडी कातडी हाताला लागते, चटका बसावा अशी गरम, आणि कोंबडी अंग हलवून हात नीट बसवून घेते. तसंच. माझा हात कोपरापर्यंत सावरून घेतला गेला. धाकटी त्याच्या खाली, मी त्याच्या खाली.

तेव्हा मला माझी चूक कळली. तीस वर्षं मी बसलेल्या जिवाला उठवत आले, म्हणून मला बसलेलीच दिसली. एका जागी पडून राहणारं, न खाणारं, न हलणारं, दिवसातून चार वेळा कुणीतरी फिरवून ठेवलेलं, थंड पडलं की मरणारं. त्याला खुडूक म्हणत नाहीत. त्याचं नाव मला पहिलीतही लिहिता येत होतं.

७

मी बोटांवर दिवस मोजले. पेंढा घातला तो पहिला. आज चौदावा.

बाहेर काढलं तर मरेल, हे मी करून बघितलेलं होतं. ठेवलं तर सात दिवस उरले. तिच्या नवऱ्याचा फोन आला.

"कशी आहे, ताई?"

"झोपलीय."

"पुढच्या आठवड्यात येतोय मी. उभी राहिली का?"

"राहील," मी म्हटलं. आणि फोन ठेवला.

मग मी तेच केलं जे मला येतं. बसलेल्या कोंबडीला मी कितीही शिव्या दिल्या, तरी तिच्या खाली भरलेली अंडी आहेत हे कळल्यावर मी तिला उठवलेलं नाही. तेव्हा ती मालकीण आणि मी गडी. खोलीच्या दाराला पडदा लावला. शिंपिणीला सांगितलं, आठवडाभर मशीन थांबव.

"का गं?"

"डोकं दुखतं तिचं."

"का तुझं?"

"थांबवतेस का येऊन पट्टा तोडू?"

तिने थांबवलं. जाताना नुसतं म्हणाली, "तू किती दिवस झोपली नाहीस?"

खोलीच्या उंबऱ्यात मी पाण्याची परात आणि एक पसा दाणे ठेवले. धाकटीसाठी नव्हे. दर दुपारी काही मिनिटं खोलीतला तो घशातला आवाज थांबायचा, पडदा फुगायचा, आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे. परतले की परातीतलं पाणी हलत असायचं आणि दाणे गेलेले असायचे. तेवढ्या वेळात मी आत जाऊन धाकटीच्या कानाशी बोलायचे. "मी आहे गं. तुझी ताई. ऐकतेस ना? बाहेर आलीस की पहिल्यांदा मला बघायचं. मलाच बघायचं." कारण पिल्लू पहिल्यांदा ज्याला बघतं, त्याच्या मागे जातं. एवढं एकच माझ्या हातात होतं.

अठराव्या दिवसापासून तिला कुणी फिरवलं नाही. शेवटचे तीन दिवस अंडं हलवायचं नसतं. वर बसलेलीला ते माहीत होतं, जी कोण ती.

विसाव्या दिवशी कानाशी बोलायला वाकले तर आतून ठक झालं. खाटेतून नव्हे. धाकटीच्या आतून, फासळ्यांच्या मागून. मी "ताई आहे" म्हटलं की ठक. गप्प बसले की तेही गप्प.

मी रडले नाही. खोटं कशाला बोलू, हसले. पोटात पाय मारणारं मूल मला कधी कळलं नव्हतं.

८

एकविसाव्या दिवशी दुपारी मी उंबऱ्यातच बसून होते. तीन वाजता मला डुलकी लागली. पाच मिनिटं असेल, दहा असेल. त्या पाच मिनिटांसाठी मी स्वतःला माफ करणार नाही.

जाग आली ती गारव्याने. खोलीतली ऊब गेली होती. पडदा बाजूला सारलेला. खाटेवर घोंगडं सपाट पडलेलं, आणि गादीवर काहीतरी पांढरट, पातळ, सुकत आलेलं, ओल्या कागदासारखं, माणसाच्या लांबीचं. त्याच्याकडे मी नीट बघितलं नाही. मागचं दार उघडं होतं.

धाकटी अंगणात उभी होती. उभी! ताठ, पाय फाकवून, पहिल्यांदाच पायांवर वजन टाकावं तशी. केस ओले, कपाळाला चिकटलेले. अंगावर तिचाच गाऊन. चेहरा तिचाच. पोटावर हात नव्हता, टाक्यांना जपत नव्हती. माझ्या नऊच्या नऊ कोंबड्या जमिनीला पोट लावून चपट्या झालेल्या, माना लांब केलेल्या, घार आल्यावर होतात तशा. मास्तरीणसुद्धा.

"धाकटे."

तिने ऐकलं नाही. तिचं लक्ष समोर होतं, कुंपणाच्या फाटकाकडे. तिथे काही नव्हतं. पण ओल्या गवतावर मोठ्या परातीएवढा गोल दबलेला होता, आणि मी बघत असताना तो उठला आणि त्याच्या पुढे दुसरा दबला. घशातला तो आवाज आता वेगळा झाला होता. तुटक, बोलावणारा. आवाज झाला की धाकटी दोन पावलं टाकायची. थांबला की थांबायची.

फाटकापलीकडे रस्ता. रस्त्यापलीकडे मोकळं रान.

मी हाका मारल्या. तिच्या नावाने, लाडाच्या नावाने, आई तिला ज्या नावाने हाक मारायची त्या नावाने. त्यातलं तिला काही कळत नव्हतं. नाव घेतल्यावर ओळखायला आधीचं काहीतरी उरावं लागतं.

मग मी उकिडवी बसले. तीस वर्षं पिल्लांना दाणा टाकताना काढते तो आवाज काढला, जीभ टाळूला लावून, घशातून. कुक् कुक् कुक्. बोटाने जमीन टोकरली. पन्नाशीला टेकलेली बाई, अंगणात, चिखलात. शिंपीण कुंपणाशी आली होती. तिने तोंडावर हात ठेवला.

धाकटी थांबली. मान वाकडी केली आणि एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं. गोल, चकचकीत, नवाकोरा डोळा. मी टोकरत राहिले. कुक् कुक्. ये. माझी बाई ती. ये.

फाटकातून पलीकडचा आवाज आला. ती तिकडे वळली. मी परत काढला. ती माझ्याकडे वळली. असं किती वेळ चाललं सांगता येणार नाही. माझा घसा फाटला होता. मग तिने माझ्या दिशेने एक पाऊल टाकलं. आणखी एक. पुढची पावलं ती धावतच आली, हात अंगाशी चिकटवून, तोल सावरत. येऊन माझ्या अंगाला चिकटली, डोकं माझ्या काखेत घातलं. काय जीव धडधडत होता तिचा. मी तिला उचलून दाराशी नेलं, उंबऱ्याच्या आत एक पाय टाकला आणि दाराच्या फळीला हात घातला.

तेव्हा तिने ओरडायला सुरुवात केली. चोच उघडून नव्हे, माणसाच्याच तोंडाने, पण एकच एक स्वर, चिरका, न थांबणारा. आईपासून तोडून डब्यात घातलेलं पिल्लू ओरडतं तो. ते पिल्लू दाणा खात नाही, पाणी पीत नाही. ओरडून ओरडून दुसऱ्या सकाळी पाय ताठ करून पडलेलं असतं. मी तसली उचलून टाकलेली आहेत.

अंगणात गवत दबत होतं. फाटकापासून आमच्याकडे, एकेक परात, अजिबात घाई न करता.

शिंपीण किंचाळली, "दार लाव! अगं, दार लाव!"

मी धाकटीला खाली सोडलं, दाराच्या दोन्ही फळ्या भिंतीपर्यंत उघडल्या आणि पाठ भिंतीला लावून उभी राहिले. धाकटीचं ओरडणं थांबलं. ती माझ्या अंगाला घासत आत गेली, मागच्या खोलीकडे. तिच्यामागून ऊब आत शिरली. बराच वेळ शिरत होती.